फळा कमी पडला

बाईंनी भिंत खराब केली, एवढंच आमच्या कॉलेजच्या लक्षात राहिलं आहे. नवीन लागलेला एखादा लेक्चरर विचारतो, "वो दीवारवाली मैडम कौन थीं?" आणि स्टाफरूममध्ये हशा पिकतो. कोणीतरी खुर्चीवर चढून, हात उंच नेऊन त्यांची नक्कल करतं. मी चहाचा कप तसाच ठेवून बाहेर जाते. त्या दिवशी हसू येण्यासारखं काही नव्हतं असं नाही, मीही हसले होते. पण बाई खुर्चीवर का चढल्या ते यांच्यातल्या एकालाही सांगता येत नाही आणि खुर्ची मात्र सगळ्यांना पाठ आहे, याचा मला संताप येतो.

बाई सरकारी कॉलेजातून निवृत्त होऊन आमच्या खाजगी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला आल्या होत्या. नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची. मी कॉमर्सची. स्टाफरूममध्ये माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं, आणि मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच बायका, म्हणून त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ताब्यात घेतलं. उंच, काटकुळ्या, सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. मनगटावर वडिलांचं पुरुषी घड्याळ, ते सतत कोपराकडे घसरायचं. राहायच्या किला गेटजवळ, एका फरशीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, एकट्याच. पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून होते हे त्या कधी अभिमानाने सांगत नसत. "कारकून होते म्हणून आकडे नीट लिहायचे, बस," एवढंच म्हणायच्या.

त्यांची मराठी आम्हा ग्वाल्हेरवाल्यांचीच होती. रागावल्या की निम्मी हिंदी. आणि रागावलेल्या तर त्या बहुतेक वेळा असायच्याच.

भाजीवालीला कोणी विचारतं, टोमॅटो कसे दिले? बाई विचारायच्या, "कल कितने के थे? परसों?" भाजीवाली कंटाळून म्हणायची, "आज का लेना है कि परसों का?" त्यावर बाई मला बाजूला घेऊन समजावायच्या, जणू मीच भाजीवाली आहे. "भाव किती झाला ते नको सांगू. हलतो किती ते सांग. कोबी महाग असेल, पण महिनाभर तेवढाच महाग असतो, तर मी माझं घर चालवू शकते. टोमॅटोवर घर नाही चालत."

'हलतो किती' हा त्यांचा मंत्र होता. कोणत्याही गोष्टीला त्या तो लावायच्या. पडाव चौकाकडे सवाऱ्या नेणारे दोन टेम्पोवाले होते. एक रोज थोडा उशिरा यायचा, पण रोज तेवढ्याच उशिरा. दुसरा कधी वेळेच्या आधी, कधी पाऊण तास पत्ता नाही. सगळे दुसऱ्याची तारीफ करायचे, कारण कधीकधी तो लवकर न्यायचा. बाई पहिल्याचीच वाट बघत उभ्या राहायच्या. "याच्यावर मी रागावू शकते," त्या म्हणायच्या. "त्याच्यावर तर रागावायला पण तो कधी येईल ते मालूम पाहिजे ना!" वर्गात त्यांनी चढउताराचं माप शिकवलं ते याच दोन टेम्पोंवरून. मुलं सूत्र विसरली असतील, टेम्पो विसरली नसावीत.

आता कोणी समजेल की बाई पैसा गादीखाली ठेवणाऱ्या होत्या. अजिबात नाही. वडिलांनी ठेवलेले काही शेअर त्यांच्याकडे होते, आणि पगारातून त्यांनी त्यात भर घातली होती. दर वर्षी कंपन्यांचे जाडजूड अहवाल घरी यायचे, ते त्या लाल पेन्सिल घेऊन वाचायच्या. बेरीज जुळली नाही किंवा शब्द चुकीचा छापला तर पान फाडून, खाली रेघ मारून, पोस्टाने परत पाठवायच्या. एका सिमेंट कंपनीला त्यांनी लिहिलं होतं की आपल्या अध्यक्षांचं भाषण मागच्या वर्षीचंच आहे, फक्त फोटो नवीन आहे. मी विचारलं, "बाई, ते लोक वाचत असतील का हे?"

"न वाचू देत. मी मालकीण आहे. छोटी आहे, पण आहे."

शेअर बाजार पडला की त्या शांत असायच्या, चढला की चिडचिड्या. चढल्यावर लोक फार मूर्खासारखं बोलतात, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा क्रिप्टोचं वारं आमच्या गावात नुकतंच शिरलं होतं. नई सडकवरचा कापडवाला, कॉलेजचा शिपाई, दुसऱ्या वर्षाची पोरं, ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आणि त्यात हिरव्या-लाल रेघा. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एक म्हणे, हे शेअरसारखंच आहे, फक्त जलद. दुसरा म्हणे, शेअर काय आणि क्रिप्टो काय, दोन्ही सट्टाच. बाई दोघांवर सारख्याच तुटून पडायच्या. एका दुपारी फिजिक्सचे शर्माजी म्हणाले, "मैडम, दोनों हिलते हैं. बात एक ही है."

बाईंनी डबा बंद केला. "शर्माजी, झूला भी हिलता है. भूकंप में घर भी हिलता है. आप दोनों में बच्चों को बिठाएँगे?"

शर्माजी फिजिक्सचे असूनही त्यांनी विषय परीक्षेच्या ड्युटीकडे वळवला.

मग ते व्याख्यान झालं. कॉलेजच्याच एका माजी विद्यार्थ्याने पैसे गुंतवून देण्याची कंपनी काढली होती. 'आर्थिक साक्षरता' असं नाव देऊन व्यवस्थापनाने त्याला बोलावलं आणि सगळ्या स्टाफला हजर राहायचा हुकूम काढला. हॉल नुकताच रंगवला होता, फिकट बदामी. पांढरे बूट घातलेला तो पोरगा छान बोलत होता, खोटं कशाला सांगू. त्याने पडद्यावर एक आलेख दाखवला. एक रेघ शेअर बाजाराच्या निर्देशांकाची, एक क्रिप्टोची. दोन्ही रेघा जुळ्या बहिणींसारख्या, तेवढ्याच चढणाऱ्या, तेवढ्याच उतरणाऱ्या.

"देखिए," तो म्हणाला, "ऊपर-नीचे शेयर भी होता है, ये भी होता है. शेयर में आपके पापा भी थे. तो डर किस बात का?"

माझ्या पुढच्या रांगेत आमचे लायब्ररियन जगताप बसले होते. त्यांचे पूर्वज शिंदेशाहीत तलवार घेऊन आले होते आणि जगताप स्वतः पालीला घाबरायचे. त्यांनी तेव्हा मोरारकडचा वडिलांचा प्लॉट विकला होता. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं, त्यासाठी. ते पडद्याकडे असे बघत होते, जसं कोणी आपल्या नावाची चिठ्ठी निघताना बघतं.

मागून बाईंचा आवाज आला. "बेटा, दोनों का पैमाना एक है क्या?"

"मैडम, वो थोड़ा टेक्निकल है."

"मैं टेक्निकल ही पढ़ाती हूँ. बाईं तरफ के आँकड़े पढ़ो. अब दाईं तरफ के पढ़ो."

त्याने वाचले नाहीत. पण पहिल्या रांगेतल्या मुलांनी वाचले, आणि कुजबूज सुरू झाली. डावीकडची मोजपट्टी शेअरसाठी होती, उजवीकडची क्रिप्टोसाठी, आणि उजवीकडची इतकी आवळून काढली होती की तिच्यातला डोंगर डावीकडच्या टेकडीएवढा दिसावा. दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजून दोघांची उंची सारखी दाखवायची, असा तो प्रकार.

बाई उठल्या. बूट वाजवत पुढे गेल्या, बाजूच्या पांढऱ्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि मार्कर घेतला. दोन्ही रेघा शंभरापासून सुरू केल्या. त्या पोराच्याच पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचत त्यांनी आधी शेअरची रेघ काढली. ती फळ्याच्या मधोमध थोडी वर, थोडी खाली, नागमोडी गेली. एके ठिकाणी चांगली खड्ड्यात उतरली, तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "ये भी गिरता है. किसने कहा नहीं गिरता?" मग त्याच पट्टीने दुसरी रेघ. ती चढत चढत फळ्याच्या वरच्या चौकटीला टेकली. बाई क्षणभर थांबल्या. मग खुर्ची ओढली, तिच्यावर चढल्या आणि चौकट ओलांडून रेघ भिंतीवर नेली.

मुलं ओरडायला लागली. प्राचार्य उभे राहिले. "मैडम, दीवार! मैडम, नया पेंट है!"

"बोर्ड छोटा पड़ गया, सर," बाई वळून न बघता म्हणाल्या. टाचा उंचावून त्या रेघेच्या शिखरापर्यंत गेल्या आणि तिथून खाली आणत आणत खुर्चीवरून उतरल्या, वाकल्या, आणि शेवटी साडी सावरून गुडघ्यांवर बसल्या. मार्कर शेअरच्या रेघेच्या पार खाली येऊन थांबला.

"आता सांगा," त्या तशाच बसून म्हणाल्या, आणि मराठीतच म्हणाल्या, "हे दोन एकसारखे आहेत?"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मीही होते. जगतापही टाळ्या वाजवत होते, हे मी पाहिलं. आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी प्लॉटचे बरेचसे पैसे त्या पोराच्या हवाली केले. बाईंच्या रेघेत त्यांना फक्त भिंतीवरचं शिखर दिसलं होतं.

बाईंना नोटीस आली. संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान, पाहुण्यांचा अवमान. रंगाचा खर्च पगारातून कापण्यात येईल. पाहुण्यांना शाल आणि श्रीफळ मिळालं होतंच, शिवाय महिन्याभरात त्यांच्या कंपनीने कॉलेजला पाण्याचा कूलर भेट दिला, वर कंपनीचं नाव. बाई म्हणाल्या, रंगाचे पैसे घ्या, भिंत माझ्या हातून खराब झाली आहे. माफी मागणार नाही, कारण रेघ बरोबर आहे.

चौकशी समितीपुढे त्यांच्याबरोबर मी गेले. समितीतल्या एका गृहस्थांनी अगदी गोडीत विचारलं, "मैडम, आपको क्रिप्टो से दिक्कत क्या है?"

"कुछ नहीं. जिसको लेना है ले. मेरी दिक्कत उस पैमाने से है. आदमी को मालूम तो हो कि वो झूले पर बैठा है या किस पर."

"लेकिन दीवार..."

"साहब, दीवार पर सच लिखा तो जाँच, और परदे पर झूठ दिखाया तो शाल?"

मी मध्ये बोलले. म्हणाले, आलेख खोटा होता की नाही, एवढं तरी समितीने नोंदवावं. ते आमच्या कार्यकक्षेत येत नाही, असं उत्तर मिळालं. कार्यकक्षेत फक्त रंग होता. पुढच्या वर्षी बाईंची नेमणूक झाली नाही. कारण देण्याची गरजच नव्हती, दर वर्षीची नेमणूक ती. आयुष्यभर चढउतार शिकवत आलेल्या बाईला असं सहज कापलं, एक कप फुटावा तसं, आणि कोणी आवाज केला नाही. माझा हा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

काही महिन्यांनी ती रेघ खरोखरच उतरायला लागली. आज थोडी, उद्या धाडकन, परवा जरा वर, म्हणून आशा, आणि तेरवा पुन्हा धाडकन. जगताप वाळत चालले. शेअर बाजार संध्याकाळच्या आत मिटतो, शनिवार-रविवार माणसाला सोडतो. या बाजाराला ना संध्याकाळ, ना रविवार. जगताप जेवताना मोबाईल बघत, पुस्तकावर शिक्का मारताना बघत. सुषमावहिनी, त्यांची बायको, मला रस्त्यात भेटल्या आणि रडायलाच लागल्या. "झोपत नाहीत हो. उशीखाली फोन घेऊन पडतात. मुलीशी बोलत नाहीत. मी काय करू?"

मी त्यांना बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी सगळं ऐकलं, "मी तेव्हाच सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाल्या, "फोन इथे आणून ठेवा. दुसरा साधा फोन द्या त्यांना." दुसऱ्या दिवशी वहिनींनी खरंच आणून दिला. बाईंनी तो तांदळाच्या डब्यात ठेवला.

जगताप तणतणत आले. बाई म्हणाल्या, "फोन तुमचा आहे, रोज बघायला मिळेल. पण शेअर बाजाराच्या वेळेत. सव्वानऊ ते साडेतीन." आणि खरोखर, सव्वानऊला त्या देवघरातली घंटा वाजवायच्या, डब्यातून फोन काढून टेबलावर ठेवायच्या. साडेतीनला पुन्हा घंटा, फोन तांदळात. जगताप मधल्या सुट्टीत कॉलेजातून किला गेटपर्यंत स्कूटर दामटत यायचे, फोन बघायचे, तोंड पाडून परत जायचे. बाई तेवढ्यात त्यांना पोहे खायला लावायच्या.

पहिल्या शनिवारी मी तिथेच होते. जगताप खालून हाका मारायला लागले. बाई गॅलरीत गेल्या.

"आज बाजार बंद आहे, जगताप."

"बाई, तो कधी बंद नसतो!"

"तुमच्यासाठी आहे. सोमवारी या."

"आणि तोपर्यंत पडला तर?"

"तुम्ही बघितल्याने उभा राहणार आहे?"

फरशीवाला दुकानदार मान वर करून हे ऐकत होता. जगताप जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि एवढा मोठा माणूस ओंजळीत तोंड घालून रडला. बाई कॅनव्हासचे बूट न घालताच खाली उतरल्या. त्यांना असं अनवाणी मी कधी पाहिलं नव्हतं. त्या त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या.

मग विचारलं, "मुलीची फी कधी भरायची आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"ती तारीख हलते का?"

"नाही."

"मग जी गोष्ट हलत नाही, तिचे पैसे अशा हलणाऱ्या जागी का ठेवलेत?"

जगताप म्हणाले, "आता विकलं तर नुकसान पक्कं होईल. थांबलो तर वर येईल का? तुम्हीच सांगा."

"मला नाही मालूम. मी ज्योतिषी नाही," बाई जवळजवळ ओरडल्याच. "येईल पण, नाही पण येणार. एवढंच विचारा की पुढच्या महिन्यापर्यंत नाही आला, तर पोरीला काय सांगाल?"

सोमवारी घंटा झाल्यावर जगतापांनी फीपुरतं विकलं. तोटा चांगलाच बसला. उरलेलं त्यांनी ठेवलं. त्याबद्दल बाईंनी एक शब्द काढला नाही.

गावात मात्र बातमी पसरली की बाईंचं भाकीत खरं ठरलं. आमच्या मराठी मंडळींच्या एका संस्थेने त्यांचा सत्कार ठरवला. निमंत्रणात 'दूरदृष्टी' असा शब्द होता. तो वाचूनच बाईंचं डोकं फिरलं होतं, पण त्या गेल्या. अध्यक्षांनी शाल खांद्यावर घातली, तशी त्यांनी ती काढून घडी करून टेबलावर ठेवली.

"मी पडेल असं म्हटलं नव्हतं," त्या माइकवर म्हणाल्या. "हलेल असं म्हटलं होतं. यातला फरक तुम्हाला समजून राहिला नाही, म्हणून तर हे सगळं झालं. उद्या भाव वर गेला तर शाल परत मागायला येणार का माझ्या घरी?"

अध्यक्ष कसनुसे हसले. परत येताना टेम्पोत बाई म्हणाल्या, "त्या पोराने खोटी तुलना केली, ती एक वेळ समजते, त्याचा धंदा होता. यांचं काय? यांना तर फुकटात गलत समजायची हौस."

त्यानंतर वर्षभरात त्यांचे गुडघे बोलायला लागले. भाचीने आग्रह केला आणि त्या उज्जैनला तिच्याकडे राहायला गेल्या.

आणि मग भाव पुन्हा चढला. जुनं शिखर ओलांडून गेला. गावाने एका रात्रीत तोंड फिरवलं. सत्कार करणारेच म्हणू लागले, बाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. तो पांढऱ्या बुटांचा पोरगा एकदा स्टाफरूममध्ये आला, सगळ्यांसमोर जगतापांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सर, मैडम ने आपका बड़ा नुकसान करा दिया. उस दिन न बेचते तो आज देखते!" शर्माजींनी मान डोलावली. दोघं-तिघं हळहळले.

जगताप उठून उभे राहिले. पालीला घाबरणारे आमचे जगताप. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि आवाज असा फुटला की बाहेरच्या व्हरांड्यातली मुलं थबकली.

"भाव लौट आया," ते म्हणाले. "फीस की तारीख लौटती क्या? बोलो ना! मेरी बेटी का वो साल लौटता क्या?"

त्या पोराने हात काढून घेतला. जगताप लायब्ररीकडे निघून गेले, आणि माझ्या मनात इतके दिवस साचलेलं काहीतरी पहिल्यांदाच जरा सैल झालं.

संध्याकाळी मी उज्जैनला फोन लावला आणि बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, खूष होतील. त्यांनी आधी एवढंच विचारलं.

"जगताप ओरडले?"

"हो, बाई. चांगले जोरात."

"हं. पोरगी कितव्या वर्षाला आहे आता?"

"तिसऱ्या."

"नर्सिंगला संख्याशास्त्र असतं ना थोडंसं?"

"असतं म्हणे."

"मग सुट्टीत इकडे पाठव तिला," बाई म्हणाल्या. "नाहीतर कोणीतरी गलत शिकवून ठेवेल."